स्तनाच्या कर्करोगाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘स्तनात कर्करोगाची गाठ निघाली की पूर्ण स्तन काढल्याशिवाय जीव वाचत नाही, नुसती गाठ काढणारे डॉक्टर फसवतात,’ असा संदेश सध्या नाशिकमधल्या महिलांच्या ग्रुपवर फिरत आहे. इंदिरानगरच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर तो मीच पाठवला होता आणि तो वाचून एका मैत्रिणीने शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख पुढे ढकलली, म्हणून हा खुलासा मीच करणे योग्य.

एके काळी ही समजूत वैद्यकशास्त्राचीच होती. अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही काढत. पुढे अनेकींचा हात सुजे, केस विंचरायला वर उचलणेही जड जाई. मात्र बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत आणि उंबर्तो व्हेरोनेसी यांनी इटलीत केलेल्या चाचण्यांचे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि रोग लवकर सापडलेल्या स्त्रियांमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या व पूर्ण स्तन काढलेल्या अशा दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच आढळले. रेडिएशन मात्र टाळू नये. ते वगळल्यास त्याच स्तनात रोग परतण्याचा धोका वाढतो. काही रुग्णांना आजही पूर्ण स्तन काढावा लागतो, पण ते तपासणीच्या अहवालांवरून ठरते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवावा.