चपला घालून दारात

रात्री दोनला फोन वाजला. नातेवाईक असता तर काळजात धस्स झालं असतं. बॅकअप सर्व्हरचा अलर्ट होता, म्हणून नुसता घाम फुटला. डेटाबेसची डिस्क शंभर टक्के भरलेली.

एरर लॉग उघडला. मायएसक्यूएल (आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर) रिले लॉग, म्हणजे मुख्य सर्व्हरवरून येणाऱ्या बदलांची नोंद, लिहिता लिहिता अडलं होतं आणि इंग्रजीत अदबीने सांगत होतं, की डिस्क भरली आहे, कुणीतरी जागा मोकळी करेल याची वाट बघतोय, 60 सेकंदांनी पुन्हा बघतो. या 'कुणीतरी'ला मी चांगला ओळखतो. आई 'कुणीतरी सिलिंडर लावा रे' म्हणते, तेव्हाही तो मीच असतो.

शोधाशोधीत 140 जीबीचा जनरल लॉग सापडला, डेटाबेसला आलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद. बिनकामाचा. 'आरएम' ही फाइल पुसायची कमांड मारून उडवला. डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ' बघितलं : शंभर टक्के. डोळे चोळून बघितलं : शंभरच.

मग एकेक फाइल मोजून बेरीज करणारं 'डीयू' लावलं. ते एकेका फोल्डरचा उंबरठा झिजवत हिंडेपर्यंत माझा चहा आटून काढा झाला. दोन टीबीच्या डिस्कवर डीएफ म्हणे 1.9 वापरले, डीयू म्हणे 1.76.

आमच्याकडे एक काका यायचे. 'बराय, येतो' म्हणून उठायचे, चपला घालायचे आणि दारातच पाऊण तास बोलत राहायचे. आईच्या लेखी ते गेलेले, ती कप विसळायला घ्यायची. पण दार काही लावता यायचं नाही. लिनक्समधली फाइल अशीच जाते. यादीतून नाव उडतं, पण जिने ती उघडून धरलीय ती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएसओएफ'ने आमचे काका दाखवले. दारातच होते.

(उरलेले 100 जीबी? ईएक्सटी-फोर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी लिनक्सची व्यवस्था, पाच टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकारी यूझरसाठी) परस्पर बाजूला काढते. आईच्या तूरडाळीच्या डब्यात तळाशी पाचशेच्या नोटा असतात, तसं. दोन्हीला मी हात लावत नाही.)

मायएसक्यूएलला 'फ्लश जनरल लॉग्ज' म्हटलं, म्हणजे जुनी फाइल सोड, नवी उघड. डीएफ : 93. मिनिटभरात रिले लॉगही हलला.

आता प्रश्न, त्या सर्व्हरवर दिवसभर रिपोर्टच्या क्वेऱ्या धावत असताना जनरल लॉग चालू कोणत्या शहाण्याने ठेवला? टीमच्या चॅटमध्ये एप्रिलचा मेसेज मिळाला : 'दोन मिनिटं लावून बघतो, लगेच बंद करतो.'

वर फोटो माझाच. तोवर नवी फाइल 3 एमबीची झाली होती.