तापीतल्या चिलापीचे करायचे काय?

गेल्या रविवारी तापीकाठच्या बाजारात एका भोई मावशींच्या टोपलीत नुसती चिलापीच दिसली. मासा तळहाताएवढाही नव्हता आणि गिऱ्हाईक टोपलीत डोकावून पुढे जात होते. “जाळ्यात दुसरं काही येतच नाही, भाऊ,” असे त्या म्हणाल्या, तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

चिलापी म्हणजे तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, काही महिन्यांतच विणीला येते आणि वर्षातून अनेकदा विते; त्यामुळे धरणात दाटी होऊन मासा खुरटतो आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतो. असा बारीक, काटेरी मासा अख्खा विकला जात नसेल, तर त्याचे मांस काट्यांपासून वेगळे करून खिमा करावा, असे माझे ठाम मत आहे.

असा खिमा धुऊन केलेला लगदा म्हणजेच जपानी लोकांची सुरिमी. मी घरी करून पाहिली. खिमा बर्फाच्या पाण्यात तीनदा धुतला. पहिले पाणी लालसर निघाले, तिसरे जवळजवळ नितळ. फडक्यात पिळून, मीठ घालून मळताच त्याचा बोटांना चिकटणारा गोळा झाला आणि वाफवल्यावर त्याचे लवचिक, पांढरे काप पडले. धुण्याने रक्त, चरबी आणि वास जातो. उरलेली स्नायूंतली प्रथिने मिठाने मोकळी होतात आणि उष्णतेने एकमेकांत गुंफली जातात.

खानदेशात खरी अडचण बर्फाची आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून शीतगृह धरणाच्या काठावरच हवे आणि ते मच्छीमार सहकारी संस्थेच्या ताब्यात हवे. शिवाय धुताना पाण्यात विरघळणारी प्रथिनेही वाहून जातात. तेव्हा सुरिमी शहरात विकावी, पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा या आदिवासी तालुक्यांच्या अंगणवाड्यांसाठी न धुतलेल्या खिम्याचे, काळ्या मसाल्यातले वडेच करावेत. आदिवासी भागासाठीच्या सरकारी अमृत आहार योजनेत मुलांना अंडी मिळतात, तर आठवड्यातून एकदा मासळी का मिळू नये? मात्र सांडपाणी मिसळणाऱ्या पट्ट्यातला मासा जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय मुलांच्या ताटात जाता कामा नये.

आणखी एक अट मला फार महत्त्वाची वाटते. धंदा चालू लागला की कच्चा माल कमी पडू नये म्हणून कोणीतरी चिलापीचेच बीज मुद्दाम धरणात सोडेल. चिलापी कमी व्हावी यासाठीच हा उद्योग उभा राहणार असल्याने, बीज सोडणाऱ्याचा मासेमारीचा ठेका रद्द होईल असे कलम करारातच पहिल्या दिवसापासून असले पाहिजे.