‘नोंद घेतली’ म्हणजे ‘मान्य केलं’ नव्हे

आंतरराष्ट्रीय परिषदेची बातमी वाचताना मी हल्ली आधी क्रियापद शोधतो. कोण आलं, कोण कडाडून बोललं, फोटोत कोण कुणाच्या शेजारी उभं राहिलं, हे सगळं नंतर. आपल्याकडे ‘जगाची मान्यता’ असा मथळा सर्रास छापला जातो आणि मूळ इंग्रजी मसुदा उघडून पाहावा तर कुणी कशालाच मान्यता दिलेली नसते. नुसतं ‘नोट’ केलेलं असतं.

नोंद घेणं म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत अर्ज दिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांत तर ते लेखीच ठरलेलं आहे. आमसभेने २००१ मध्ये एका निर्णयात स्पष्ट केलं की ‘नोट’ आणि ‘टेक नोट’ हे तटस्थ शब्द आहेत, त्यातून पसंतीही दिसत नाही आणि नापसंतीही.

२०१८ च्या डिसेंबरात पोलंडमधल्या कातोवित्से शहरात हवामान परिषद भरली होती. त्याआधी दोनच महिने आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचं विज्ञान तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने, दीड अंश तापमानवाढीचे परिणाम सांगणारा अहवाल दिला होता. मालदीवसारख्या छोट्या बेटांचं म्हणणं एवढंच, की परिषदेने या अहवालाला ‘वेलकम’ म्हणावं. अमेरिका, सौदी अरेबिया, रशिया आणि कुवेत अडून बसले. आम्ही ‘नोट’ करू, पुढे जाणार नाही. अमेरिकेने कारणही उघड सांगितलं: स्वागत केलं तर अहवालाला दुजोरा दिल्यासारखं होईल. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे चार देशांनी नाही म्हटल्यावर त्या बैठकीत तो मजकूरच बारगळला. शेवटी परिषद संपता संपता तोडगा निघाला तो असा, की अहवाल ‘वेळेत पूर्ण झाला’ याचं स्वागत. म्हणजे पाहुण्याचं स्वागत नाही, पाहुणा वेळेवर आला याचं!

आणि हा अहवाल मागवला कुणी होता? याच सगळ्या देशांनी, २०१५ मध्ये पॅरिसला.

‘शब्दांचा कीस काढत बसलेत’ असं यावर कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्यांची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर वर आहे, त्यांच्यासाठी त्या एका क्रियापदावर पुढच्या वाटाघाटी अवलंबून असतात. स्वागत केलेल्या अहवालाचा दाखला देऊन मागणी रेटता येते. नुसती नोंद घेतलेल्याचा दिला तर समोरचा खांदे उडवतो.

अर्थात ‘नोट’ प्रत्येक वेळी लबाडीच असतं असं नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी घाईघाईत एक करार जुळवून आणला. खुल्या सभेत बोलिव्हिया, व्हेनेझुएला, सुदान, तुवालू वगैरेंनी तो झिडकारला. मग परिषदेने त्याची ‘नोंद घेतली’. ते नसतं तर तो कागद अधिकृत दप्तरात आलाच नसता. तिथे ‘नोट’ने वाट काढली. कातोवित्सेमध्ये अंग काढून घेतलं. शब्द तोच.

खुद्द आयपीसीसीची गंमत तर याहून बारीक आहे. त्यांच्या नियमांत ‘अप्रूव्ह’, ‘अ‍ॅडॉप्ट’ आणि ‘ॲक्सेप्ट’ हे तीन वेगळे दर्जे आहेत. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारी प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून अप्रूव्ह करतात. संश्लेषण अहवालाचा, म्हणजे सगळ्या अहवालांचं सार एकत्र मांडणाऱ्या अहवालाचा, दीर्घ मजकूर विभागवार पाहून अ‍ॅडॉप्ट होतो. मागचा जाडजूड मूळ अहवाल फक्त ॲक्सेप्ट होतो: ओळींवर चर्चा नाही, पण मांडणी सर्वांगीण आणि समतोल आहे एवढं मान्य. ॲक्सेप्ट म्हणजे मोठी मोहोर, असं आपल्याला वाटतं. तिथे सगळ्यात सैल तेच.

पॅरिसला झालेल्या हवामान कराराचंही तसंच. त्यात सामील व्हायचे मार्ग चार: रॅटिफाय (अनुसमर्थन), ॲक्सेप्ट, अप्रूव्ह किंवा ॲक्सीड. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला रॅटिफाय केला. ओबामांच्या अमेरिकेने महिनाभर आधी केला तो ‘ॲक्सेप्ट’. आंतरराष्ट्रीय कायद्यात दोन्हींचं वजन सारखंच. पण तह म्हणून सिनेटपुढे नेला असता तर दोन तृतीयांश मतं लागली असती, आणि ती मिळणार नव्हती. अध्यक्षांच्या अधिकारात काम भागवलं. त्याच अधिकारात ट्रम्प बाहेर पडले, बायडन पहिल्याच दिवशी पुन्हा ‘ॲक्सेप्ट’ करून आत आले, आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परत बाहेरचा आदेश काढला. मराठी बातम्यांत हे सगळं ‘मान्यता दिली, मान्यता काढली’ एवढंच उरतं.

बरं, आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? साध्या हाउसिंग सोसायटीच्या सभेतही सूचक वेगळा, अनुमोदक वेगळा असतो. मागच्या सभेचं इतिवृत्त ‘कायम’ करतात, हिशेबाला ‘मंजुरी’ देतात, आणि कुणाचं पत्र आलं तर त्याची ‘नोंद घेतात’. मेंटेनन्स वाढवण्याच्या ठरावाची सेक्रेटरींनी नुसती ‘नोंद’ लिहिली तर पुढच्या सभेत काय रणकंदन होतं ते पाहा. हीच माणसं सकाळी पेपरात ‘जगाची मान्यता’ वाचून पान उलटतात.

तेव्हा डेस्कवरच्या मित्रमैत्रिणींनो, मूळ मसुद्यात जे क्रियापद असेल तेच मथळ्यात येऊ द्या. जागा पुरत नाही ही सबब सांगू नका. ‘मान्यता’ तीन अक्षरी, ‘स्वागत’ही तीन अक्षरी, आणि ‘नोंद’ तर दोनातच होते.