'लॉस्ट'मधले सगळे आधीच मेले नव्हते हो!

रविवारी इंदिरानगरला मित्राकडे 'लॉस्ट'चा (विमान पडून बेटावर अडकलेल्यांची अमेरिकन मालिका) सहावा, शेवटचा सीझन पुन्हा लावला आणि आमच्या नाशिककरांच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज आला: "विमान पडलं तेव्हाच सगळे मेले, बेट म्हणजे परलोक." साफ चूक.

बेटावर घडलं ते खरं. मेल्यानंतरचं आहे ते फक्त या सीझनमधलं समांतर आयुष्य, ज्यात विमान सुखरूप उतरतं. त्याच समांतर आयुष्यात, शेवटी चर्चमध्ये नायक जॅकचे वडील त्याला सरळ सांगतात की घडलं ते खरं होतं. काहीजण तुझ्याआधी गेले, काही कितीतरी नंतर. बाहेर बाकावर बसलेल्या बेनला जॅकचा बेटावरचा सोबती हर्ली शाबासकी देतो, ती जॅकच्या माघारी दोघांनी बेट सांभाळलं त्याची.

गोंधळ झाला तो श्रेयनामावलीमुळे. २३ मे २०१० रोजी शेवटचा भाग लागला तेव्हा नावांमागे किनाऱ्यावरचे विमानाचे निर्मनुष्य अवशेष दिसत होते. ती दृश्यं लेखकांची नव्हेत, एबीसी वाहिनीने जोडलेली. (मीही तेव्हा फसलो होतो, चिवड्याची वाटी हातात तशीच.)

आणि मरताना जॅकला वर विमान जाताना दिसतं ना? त्यात त्याचे बेटावरचे सोबती केट, सॉयर, क्लेअर बसलेत. जिवंत.