४५ अंशांच्या शेडमध्ये ३१ कुठून आले जी?

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. लेझर वेल्डिंगच्या सिम्युलेशनवरच्या माझ्या लेखात सुरुवातीचं तापमान ४५ अंश धरलंय आणि आलेखात बीमच्या जरा पुढे, ऊब पोचायच्या आधीच, ३१ अंश दिसतात. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिन्यात लेझरला कूलर लावला होता काय जी? इम्प्लिसिट पद्धत बिनशर्त स्थिर असते, म्हणजे तुमचा कोडच चुकलाय. टाइम स्टेप कमी करा, खड्डा जाईल.’ (खड्डा म्हणजे आलेखातली ती ३१ ची घसरण; टाइम स्टेप म्हणजे हिशोब एका वेळी जितका वेळ पुढे सरकतो तो तुकडा; इम्प्लिसिट म्हणजे पुढच्या क्षणाची सगळी तापमानं एकत्र समीकरणं सोडवून काढणारी पद्धत.)

कूलरचा टोमणा मान्य. ३१ अंश चूकच आहेत, आणि त्यावर एक ओळही न लिहिता आलेख टाकला हा माझाच आळस. पण तुमचा उपाय काल रात्री करून पाहिला. स्टेप ०.२ मिलिसेकंदावरून ०.०५ वर आणली, तर खड्डा आणखी खोल गेला!

दोष मास मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणता बिंदू किती उष्णता साठवतो त्या तक्त्याचा, आहे. फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे धातूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून हिशोब करताना, ती कन्सिस्टंट ठेवली की एका नोडची (तुकडे जोडणाऱ्या बिंदूची) उष्णता साठवण्याची क्षमता शेजारच्या नोडलाही बांधली जाते. स्टेप फारच लहान असली की त्या वेळात उष्णता एलिमेंट ओलांडू शकत नाही. एक नोड झपकन तापतो आणि हिशोब जुळवायला शेजारचा खाली दाबला जातो. एका मितीत, साधे लिनियर एलिमेंट आणि बॅकवर्ड ऑयलर ही साधी इम्प्लिसिट पद्धत घेतली, तर स्टेप किमान एलिमेंटच्या लांबीचा वर्ग भागिले सहापट डिफ्युजिव्हिटी (उष्णता किती झपाट्याने पसरते त्याचं माप) एवढी लागते. माझ्या ३०४ स्टेनलेस स्टीलची डिफ्युजिव्हिटी साधारण ४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, माझं एलिमेंट ०.१ मिलिमीटरचं. उत्तर येतं ०.४२ मिलिसेकंद. म्हणजे मी आधीच मर्यादेच्या खाली होतो, तुमच्या सल्ल्याने आणखी खाली गेलो. एक्स्प्लिसिटमध्ये, म्हणजे आधीच्या क्षणावरून थेट पुढचा काढताना, स्टेपची मर्यादा वरून असते, इथे खालून. हाताची जुनी सवय इथे दगा देते.

आणि ‘बिनशर्त स्थिर’ म्हणजे चूक वाढत जाऊन आकडे फुटत नाहीत, इतकंच. क्रँक-निकोल्सन ही दुसरी इम्प्लिसिट पद्धतही बिनशर्त स्थिर आहे, पण मोठ्या स्टेपला बीमजवळ कसं वरखाली नाचतं ते एकदा बघाच.

मग स्टेप वाढवून मोकळं व्हावं? नाही, तिथे लेटेंट हीट, म्हणजे तापमान न वाढवता नुसत्या वितळण्यात खर्च होणारी उष्णता, आडवी येते. बीमखाली धातू सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने तापू शकतो. त्या वेगाने ०.४२ मिलिसेकंदात ४०० अंशांची उडी. ३०४ वितळतं अंदाजे १४०० ते १४५० च्या दरम्यान. कोड तो टप्पा एका उडीत ओलांडतो, वितळण्याचे पैसे न भरताच पलीकडे, तिकीट न काढता गेट पार केल्यासारखा. म्हणून स्टेप ०.२ वरच ठेवली, मॅट्रिक्स लम्प करून सगळी कर्णावर आणली, म्हणजे प्रत्येक नोडची क्षमता त्याच्यापाशीच ठेवली, आणि लेटेंट हीटसाठी एन्थाल्पी पद्धत (तापमानाऐवजी साठलेल्या एकूण उष्णतेचा हिशोब) घेतली. खड्डा गेला. लम्पिंगने तीव्र उतार थोडा बोथट होतो, त्यामुळे बीमखाली मेश (एलिमेंटची जाळी) आणखी बारीक करावी लागली आणि लॅपटॉप रात्रभर घोंघावत होता.

तुमचा दुसरा आक्षेप, कमाल तापमान ३९०० अंश कसं, लोखंड तर २८६० च्या आसपासच उकळतं. शंभर टक्के बरोबर. माझ्या मॉडेलमध्ये फक्त वहन आहे. वितळलेल्या धातूचं वाहणं नाही, बाष्पीभवन नाही. हे मी लेखाच्या तळाशी लिहिलं होतं, ते माथ्यावर हवं होतं. वेल्ड पूलच्या आतल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. बाहेरच्यांवर आहे, तोही खऱ्या वेल्डचा छेद घेऊन, पॉलिश आणि एचिंग (रसायनाने हलकं कोरणं) करून त्याच्याशी वितळलेल्या भागाची रुंदी-खोली जुळवल्यावरच.

तुमच्याकडे ३०४ च्या वेल्डचा असा छेद असेल, तर पॉवर आणि वेगासकट फोटो पाठवा. नवा आलेख लेखात टाकलाय. जुनाही त्याखाली ठेवलाय, ३१ अंशांसकट.