रोज सुई टोचली म्हणजे काळजी घेतली?

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी माझ्या सख्ख्या मावशीकडून, असा तीन बाजूंनी एकच मजकूर माझ्याकडे आला. 'आपलं माणूस हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असेल तर हे वाचाच' अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. रोज रक्त तपासणारं हॉस्पिटल तेच चांगलं. दोन-चार मिली रक्तानं कुणाचं काही बिघडत नाही. जितक्या जास्त टेस्ट, तितका आजार लवकर सापडतो. ऑपरेशनआधी सगळ्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. आणि 'तपासण्या कमी करा' हे विमा कंपन्यांचं कारस्थान आहे. मावशीनं खाली लिहिलं होतं, 'तू लॅबवाली, तुला तर पटेलच.'

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांच्या तपासण्या वाढल्या की माझं घर चालतं. तरीही मला हे पटलं नाही.

पहिला मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे त्याच्या आधारानं उभे आहेत. रोज रक्त का तपासलं जातं, हे मी शिकत असताना आतून पाहिलं आहे. पेशंट ॲडमिट झाला की रेसिडेंट डॉक्टर फाइलवर लिहितो: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आरएफटी (किडनी), एलएफटी (लिव्हर), इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम-पोटॅशियम). पुढे एक शब्द, 'डेली'. हा शब्द लिहायला एक सेकंद लागतो. खोडायला मात्र कुणीच येत नाही. पेशंट तिसऱ्या दिवशी जेवायला लागतो, चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये फिरायला लागतो, पण पहाटे सिस्टर येऊन रक्त काढणार, वॉर्डबॉय मामा ट्यूब घेऊन खाली लॅबमध्ये येणार आणि आम्ही सोडियम 138, म्हणजे नॉर्मल, असं सहाव्यांदा छापणार. यामागे दुष्टपणा नसतो. राउंडला सरांनी 'आजचं क्रिएटिनिन किती?' विचारलं आणि 'सर, केलं नाही' म्हणायची वेळ आली, याची धास्ती असते.

प्रकृती स्थिर असेल आणि आधीचे रिपोर्ट स्थिर असतील तर सीबीसी आणि रसायनांच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करू नका, असं अमेरिकेतल्या रुग्णालयीन डॉक्टरांच्या संघटनेनं 2013 मध्येच जाहीर केलं. 'स्थिर' या शब्दाला इथे महत्त्व आहे. डेंग्यूत हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) आणि प्लेटलेट रोज बघावेच लागतात. मधुमेहात किटोन वाढून पेशंट आला तर साखर दर तासाला बघतात. छातीत दुखणाऱ्याचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी तपासणी) काही तासांनी पुन्हा करतात. तिथे उत्तर आल्याबरोबर सलाइनचा वेग, इन्शुलिनचा डोस, अँजिओग्राफीसाठी कॅथ लॅबला न्यायचं की नाही, यातलं काहीतरी ठरतं. सहाव्या सोडियमनं काय ठरणार होतं?

'दोन-चार मिली रक्तानं काय होतं?' याचा हिशेब करू. जांभळ्या झाकणाची ट्यूब सीबीसीला, लाल किंवा पिवळी लिव्हर-किडनीला, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीला, राखाडी साखरेला. प्रत्येकीत दोन ते चार मिली धरले तर दिवसाला दहा-बारा मिली सहज जातात. आयसीयूत दिवसातून दोन-तीनदा. मशीनला यातले काही थेंबच पुरतात, उरलेलं आम्ही टाकून देतो. टोरांटोच्या एका रुग्णालयातल्या 404 पेशंटचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासणीसाठी काढलेल्या दर 100 मिली रक्तामागे हिमोग्लोबिन सरासरी 0.7 ग्रॅमनं उतरलेलं दिसलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 57 रुग्णालयांमधल्या साडेसतरा हजारांहून अधिक हार्ट ॲटॅकच्या पेशंटचा अभ्यास आला. ॲडमिट होताना यांना ॲनिमिया नव्हता. रुग्णालयात राहून पाचांतल्या एकाला तो मध्यम ते तीव्र प्रमाणात झाला. काढलेल्या दर 50 मिली रक्तामागे ही जोखीम 18 टक्क्यांनी वाढत होती.

ही झाली तिकडची, मुळात बऱ्या हिमोग्लोबिनची माणसं. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. चाळीस किलोची, साडेआठ हिमोग्लोबिनची बाई दहा दिवस ॲडमिट राहिली आणि रोज 'डेली' चालू राहिलं, तर घरचे शेवटी रक्ताच्या पिशवीसाठी ब्लड बँकेत धावतात. एक किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात तर सगळं मिळून रक्त ऐंशी-नव्वद मिली. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतल्या, सिस्टर प्रत्येक थेंब मोजून का काढतात, ते यावरून कळेल.

तिसरा मुद्दा सगळ्यांत गोंडस आहे. जास्त शोधलं की जास्त सापडतं, हे खरंच आहे. प्रश्न काय सापडतं याचा आहे. रिपोर्टवर उजव्या बाजूला नॉर्मल रेंज छापलेली असते ना, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांच्या मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एक त्याबाहेर पडणार हे गृहीतच धरलेलं आहे. एकाच निरोगी माणसाच्या वीस स्वतंत्र तपासण्या केल्या, तर निदान एक तरी 'ॲबनॉर्मल' येण्याची शक्यता 64 टक्के. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून आकडा थोडा खाली येतो. पण सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एकही ठळक अक्षर (रेंजबाहेरचा आकडा ठळक छापतात) न छापलेला रिपोर्ट मी क्वचितच सही करून दिला आहे.

आणि ठळक अक्षर गप्प बसत नाही. बारीक सुईनं ओढून काढलेल्या किंवा हलवत आणलेल्या सॅम्पलमध्ये तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा 6.8, म्हणजे हृदयाला धोक्याचा, येतो. पेशंट पलंगावर बसून चहा पीत असतो. वॉर्डात मात्र धावपळ, ईसीजी, कधी कधी पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-डेक्स्ट्रोजची तयारी. आम्ही रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड', म्हणजे पेशी फुटलेलं सॅम्पल, असं लिहितो. ते वाचायच्या आधी आकडा फोनवर वर पोचलेला असतो. त्या दिवशी पोटॅशियम करायचं कारण काय होतं, हे नंतर विचारलं तर उत्तर तेच: डेली.

ट्यूमर मार्करचंही, म्हणजे कॅन्सरचा माग काढायच्या रक्ततपासण्यांचंही, तसंच. सीए-125 या मार्करमुळे अंडाशयाचा कॅन्सर आधी पकडू, या आशेनं ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर मोठा प्रयोग झाला. 2021 मध्ये त्याचे अंतिम निष्कर्ष आले. अशी चाचणी करत राहिल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. हा मार्कर एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारात वाढतो, पाळीच्या दिवसांत वाढू शकतो, पोटाच्या टीबीमध्ये तर चांगलाच वाढतो. आपल्याकडे टीबी किती आहे ते सांगायला नको.

टीबीवरून आठवलं. एके काळी टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी सर्रास चालायची, पैसेही चांगले मिळायचे. ती इतकी बेभरवशाची होती की जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये ती वापरू नका म्हणून बजावलं आणि 2012 मध्ये भारत सरकारनं तिच्यावर बंदी घातली. टीबी नसलेल्यांना महिनोन्‌महिने गोळ्या, आणि असलेल्यांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवणं, दोन्ही तिच्यामुळे झालं.

विडालला, म्हणजे टायफॉइडच्या अँटिबॉडी तपासणीला, अशी बंदी नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल करणं हा आपल्याकडचा परिपाठ आहे. टायफॉइडच्या अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटाला कुठे दिसायला लागतात. उलट पूर्वीच्या संसर्गानं किंवा दुसऱ्याच तापानं ती पॉझिटिव्ह येऊ शकते. जे करायला हवं ते, म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं), राहून जातं. फॉरवर्डच्या उलट टोकाला जाऊन 'तपासण्याच नकोत' असं मी म्हणत नाही, ते यासाठी. पंधरा वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2013 मध्ये घेतला गेला. त्यात सुमारे 20 टक्के तपासण्या अनावश्यक निघाल्या, आणि हव्या असताना न केलेल्यांचं प्रमाण त्याच्या दुप्पट.

चौथा मुद्दा थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडात मोतीबिंदूच्या एकोणीस हजारांवर ऑपरेशनांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: एकाला आधी सरसकट रक्ततपासण्या आणि ईसीजी, दुसऱ्याला नाही. गुंतागुंत दोन्हीकडे हजारी 31. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. बायपासला किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला हा नियम लावू नका. पण आजोबांच्या मोतीबिंदूआधी पूर्ण पॅनेल कशाला, असं विचारायला हरकत नाही.

राहिलं कारस्थान. पैसा कुठून कुठे जातो ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या त्या कमिशनला 'कट' म्हणतात. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना, त्यांनी तपासणीला पाठवलेल्या एका पेशंटबद्दल, डायग्नोस्टिक सेंटरकडून बाराशे रुपयांचा चेक आला होता. त्यांनी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे तक्रार केली. 2017 मध्ये राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो चेक काही विमा कंपनीनं तपासण्या कमी कराव्यात म्हणून पाठवला नव्हता.

मावशीला मी यातलं निम्मं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'मग तू काय करतेस?' चिठ्ठीवर विडाल असेल आणि ताप कालपासूनचा असेल तर मी डॉक्टरांना फोन करते, एवढंच. काही जण 'बरं' म्हणून कल्चर पाठवतात. दोघांनी माझ्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं.