लंडन चार तासांत? तिकीट नीट वाचा

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मुंबईहून लंडनला जायला म्हणे चार तास लागतात आणि यायला साडेचौदा, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि लंडन आपणहून आपल्याकडे सरकत येतं. पुराव्यादाखल हिवाळ्यातल्या तिकिटाचा फोटो: दुपारी 2 ला सुटून संध्याकाळी 6 ला लंडन; परतीला रात्री 8 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 10:30 ला मुंबई.

तिकीट खोटं नाही. पण तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते, आणि हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. तिथले संध्याकाळचे 6 म्हणजे इथले रात्रीचे 11:30. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. परतीला तिथे रात्रीचे 8 वाजतात तेव्हा इथे 1:30 झालेला असतो. तिथून 10:30 पर्यंत नऊ तास. झाला हिशेब.

आता पृथ्वीचं फिरणं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते हे खरं, पण तिच्यासोबत धावपट्टीवरचं विमानही जात असतं आणि भोवतालची हवाही. विरार फास्टमध्ये (हात वर करायला जागा मिळालीच तर) नाणं उडवून बघा. ते तुमच्याच हातात पडेल, मागच्या माणसाच्या डोक्यात नाही. आणि गंमत म्हणजे मेसेजवाल्यांचं मानलं तर लंडनला जाणं झटपट व्हायला हवं. खरा हिशेब मांडला तर जातानाच अर्धा तास जास्त लागतोय! त्याचं कारण वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी.

पटत नसेल तर कोलकात्याचं तिकीट काढून बघा. घड्याळ एकच, दिशा पूर्व-पश्चिम. जाण्यायेण्यात फरक मिनिटांचा, तासांचा नाही.

मेसेजच्या शेपटाला आणखी एक आहे: दिल्ली हवाई अंतराने जेमतेम 1,150 किलोमीटर, दीड तासात व्हायला हवी, कंपन्या मुद्दाम सव्वादोन तास छापतात. यात थोडं तथ्य आहे. उशीर दिसू नये म्हणून कंपन्या वेळ जरा सैल धरतात. पण छापलेली वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान इथल्या गेटवरून हललं की मोजणी सुरू होते, ती तिथल्या गेटवर थांबेपर्यंत. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. संध्याकाळी आमच्या गच्चीवर या, पूर्वेकडून एकामागे एक उतरत येणारे दिवे दाखवतो. त्यातला शेवटचा दिवा दिल्लीहून वेळेत निघालेलाही असू शकतो.